पुढचीचं मनगट

टेंभुर्णी म्हटलं की पुण्यातली माणसं लगेच विचारतात, "म्हणजे सोलापूर रोडवरची का?" नाही हो. ती माढा तालुक्यातली. आमची टेंभुर्णी जालना जिल्ह्यातली, तालुका जाफराबाद. जालना जिल्हाच मुळी १ मे १९८१ ला झाला, त्यामुळे माझ्या जन्माच्या दाखल्यावर जिल्हा औरंगाबाद आहे. आणि आता औरंगाबादचंही छत्रपती संभाजीनगर झालंय. थोडक्यात काय, माझ्या माहेराचा पत्ता बदलत राहतो, माहेर मात्र आहे तिथंच आहे.

तर २०२५ च्या पंचमीला मी माहेरी गेले होते. आमच्याकडे मराठवाड्यात दिवाळीपेक्षा पंचमीला लेकी माहेरी यायचं महत्त्व जास्त. त्या वर्षी नागपंचमी २९ जुलैला, मंगळवारी आली होती. कपाशी गुडघ्याएवढी, पाऊस उघडझाप करणारा, निंबाला झोका बांधलेला. मी दोन दिवस आधीच पोचले होते, आणि त्या दोन दिवसांत माझ्यावर एक भलतीच कामगिरी येऊन पडली. आठ मुलींना नाच शिकवायची. तोही अमेरिकेतला!

झालं असं की माझी लेक मॅसॅच्युसेट्समध्ये असते. तिथं ग्रीनफिल्ड नावाच्या गावात एक जुना हॉल आहे, गायडिंग स्टार ग्रेंज. ग्रेंज म्हणजे १८६७ साली सुरू झालेली तिकडच्या शेतकऱ्यांची संघटना. तिच्या गावोगावच्या हॉलमध्ये पूर्वी सभा आणि जेवणावळी व्हायच्या. या हॉलमध्ये आता शनिवारी रात्री कॉन्ट्रा नाच असतो. लेकीला त्याचं वेड लागलंय. तिनं व्हिडिओ पाठवला, तो भाचीनं माझ्या फोनवर पाहिला आणि ओरडली, "आत्या, हे तर चौफुला खेळायलेत!"

पाहिलं तर खरंच तसं वाटत होतं. चौघंजण मधोमध हात घालून गोल फिरत होते. त्याला तिकडे स्टार म्हणतात. वरून पाहिलं तर चार पाकळ्यांची चांदणी दिसते म्हणून. मग आम्हीही चांदणीच म्हणायला लागलो. भाचीनं गल्लीतल्या सात जणी गोळा केल्या आणि जाहीर केलं की यंदा पंचमीला फेर, फुगडी, झिम्मा तर आहेच, पण शेवटी चांदणी करायची. आत्या शिकवणार.

आत्याला काय येत होतं? कपाळ! मी लेकीला फोन लावला. ती शांतपणे समजावत गेली आणि मी वहीत टिपत गेले. हा नाच मूळचा इंग्लंडच्या खेड्यांतला. तिथल्या जॉन प्लेफर्डनं १६५१ साली अशा नाचांचं पुस्तकच छापलं होतं. फ्रेंचांनी 'कंट्री डान्स'चं 'कोंत्रदांस' केलं आणि अमेरिकेत त्याचं कॉन्ट्रा झालं. फ्रेंच लोक या चांदणीला मूलिने म्हणतात, म्हणजे छोटी चक्की. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आपल्याकडे बायका जात्याभोवती बसून गायल्या, त्यांच्याकडे माणसंच जातं होऊन फिरली.

रचना अशी. दोन लांब ओळी समोरासमोर. प्रत्येकाला एक जोडीदार. शेजारच्या दोन जोड्या मिळून चौघांचा गट. गाण्याचे चौसष्ट ठोके, त्यात ठरलेल्या आकृत्या, आणि चांदणीच्या एका वेढ्याला आठ पावलं. चौसष्ट ठोके संपले की प्रत्येक जोडी एक घर पुढे सरकते आणि नव्या जोडीशी तेच सगळं पुन्हा. अर्ध्या जोड्या खाली जातात, अर्ध्या वर येतात. एकजण बाजूला उभा राहून कोणती आकृती करायची ते ओरडून सांगतो, त्याला कॉलर म्हणतात. (शर्टाची नव्हे.)

"आणि बाई कोण, पुरुष कोण?" मी विचारलं.

"आई, आता बऱ्याच ठिकाणी लार्क आणि रॉबिन म्हणतात. पक्ष्यांची नावं. कुणीही कुठल्याही जागी नाचावं म्हणून. आणि चांदणीत तर तोही प्रश्न नाही. चारही हात सारखेच."

वहीत लिहून घेतलं. चारही हात सारखेच.

रविवारी दुपारी अंगणात शिकवणी सुरू झाली आणि पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की चांदणी म्हणजे चौफुला नव्हे. आमच्या चौफुल्यात चौघी आत तोंड करून उभ्या राहतात, समोरासमोरच्या जोड्या एकमेकींचे हात धरतात, पाय मधे जुळवून मागे रेलायचं आणि गरगरायचं. सगळा खेळ त्या रेलण्यावर. चांदणीत तोंड आत नसतंच. खांदा आत, तोंड वाटेकडे आणि सरळ चालायचं. समोर कुणाचा चेहरा नाही, पुढचीची पाठ. आमच्या पोरींनी उजवा हात मधे घातला रे घातला की अंग आपोआप मागे जायचं. पहिल्याच वेढ्यात चौघी चार दिशांना पडल्या. एकीचा कोपर खरचटला. तिची आई भिंतीवरून डोकावून "काय चालू हाय गं?" म्हणून गेली.

दुसरी अडचण मी स्वतः. मी समोर उभी राहून "उजवा" म्हणत माझा उजवा हात वर करत होते. समोरच्या पोरी आरशात पाहिल्यासारखा डावा वर करत होत्या. मी आणखी जोरात "उजवा!" ओरडले. त्यांनी डावा आणखी वर केला. शेवटी मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. मग हात बरोबर, पण मागे काय चाललंय ते मला दिसेना.

तिसरी आणि खरी अवघड गोष्ट म्हणजे एका चांदणीतून दुसरीत जाणं. उजव्या हाताच्या चांदणीतून वळून डाव्या हाताची करायची हे एकवेळ जमतं. हात सोडा, तोंड फिरवा, दुसरा हात घाला. पण लेकीच्या व्हिडिओत डाव्या हाताची चांदणी संपता संपता चौघं सुटतात आणि न थांबता पुढच्या गटातल्या लोकांशी नवी चांदणी धरतात. आमच्या पोरी पुढचीची पाठ बघत फिरत असायच्या. आठवं पाऊल संपलं तरी फिरतच राहायच्या. एक सुटायची, तिघी फिरायच्या. सुटलेली मधेच "आत्या, मी कुणाची?" म्हणून उभी.

ओट्यावर काकू शेंगा निवडत बसली होती. माझी धाकटी चुलती. बराच वेळ तिनं काही म्हटलं नाही. मग शेंगा निवडता निवडताच म्हणाली, "ती हात सोडायच्या आधी नजर सोडत न्हाई. म्हणून चुकतीय."

"म्हणजे?"

"सहाव्या पावलाला मान वळवायची. कुणाकडं जायचंय ते पाहून घ्यायचं. मग हात सुटतो आपोआप. आणि सुटताना आपली जोडीदारीण बरोबर घेऊन सुटायचं, एकटीनं न्हाई."

पोरींनी करून पाहिलं आणि जमलं. पहिल्याच झटक्यात दोन चांदण्या फुटून नव्या चांदण्या तयार झाल्या. पोरींनी किंकाळ्याच मारल्या.

इथं काकूबद्दल सांगायला हवं. ती १९८० साली आमच्या घरी लग्न होऊन आली तेव्हा अठरा वर्षांची होती आणि मी सहा. दंडफुगडी, बसफुगडी, एका हाताची, मनगटाची, सगळ्या फुगड्या मी तिच्याकडून शिकले. पंचमीच्या फेरात गाणं तीच उचलायची. फेरात एकीनं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची असते. ओळ झेलायला मिळाली पाहिजे म्हणून उचलणारीनं श्वासभर आधी सुरू करावं लागतं. काकूची ओळ कधी उशिरा आली नाही.

१९९४ साली काका विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले. काकू बत्तीस वर्षांची. तिला कुणी काही बोललं नाही, कुणी बंदी घातली नाही. पुढच्या पंचमीला ती स्वयंपाकघरात गेली आणि आम्ही जाऊ दिलं, एवढंच. पंचमीला तवा ठेवायचा नाही, चिरायचं नाही, म्हणून उकडलेली पुरणाची दिंडं असतात आणि दोन तीन डझन माणसांची दिंडं उकडायची म्हणजे कुणीतरी आत लागतंच. ते कुणीतरी म्हणजे काकू, हे ठरून गेलं.

१९९६ साली माझी लग्नानंतरची पहिली पंचमी. नवी हिरवी साडी, कोपरापर्यंत मेंदी, कासारणीकडून भरलेल्या दोन्ही हातांत डझनडझन बांगड्या. चौफुल्याला आम्ही तिघी झालो होतो आणि चौथी हवी होती. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. काकू दाराशी उभी होती, हात पदराला पुसत. आमची नजरानजर झाली. आणि मी शेजारच्या वहिनीला हाक मारली.

कुणी मला अडवलं नव्हतं. मी नुसती हाक मारली असती तर फार तर दोन म्हाताऱ्यांनी तोंड वाकडं केलं असतं. पण माझी पहिली पंचमी होती, सगळं साजरं व्हायला हवं होतं, आणि मी बावीस वर्षांची होते. ही कारणं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पाठोपाठ सरकारचं परिपत्रकही निघालं, तेव्हा मी पेपरातली बातमी चार जणींना पाठवली होती. काकूशी त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.

असो.

सोमवारी काकू शेंगा न घेताच ओट्यावर येऊन बसली. मी वही मिटली. शिकवणी तिनंच ताब्यात घेतली म्हणा ना. लेकीनं मला फोनवर सांगितलं होतं की चांगला कॉलर आकृती सुरू व्हायच्या आधी सांगतो, म्हणजे शब्द संपायला आणि पाऊल पडायला एकच गाठ पडते. मी नेमकं पाऊल पडताना ओरडत होते, म्हणून पोरी दोन पावलं मागे. काकूला हे सांगावं लागलं नाही. तिनं फेराचीच सवय इथं आणली. पोरी सातव्या पावलाला असताना ओट्यावरून आवाज यायचा, "वळा, डावा!" आणि आठव्या पावलाबरोबर आठ जणी वळलेल्या. उजव्या डाव्याचा घोळही तिनंच मिटवला. "उजवा डावा इसरा. पहिल्यांदी जेवायचा हात मधे, मग दुसरा." एकही पोरगी चुकली नाही.

संध्याकाळी नवा पेच आला. पोरी बांगड्या भरून आल्या. आता झालं असं की चांदणीत हात धरायच्या दोन रीती आहेत. इंग्लंडच्या जुन्या पद्धतीत समोरासमोरच्या दोघी एकमेकींचा हात धरतात, एका जोडीवर दुसरी जोडी. अमेरिकेतल्या कॉन्ट्रात बहुधा पुढचीचं मनगट धरतात, अंगठा न आवळता, वरून नुसता पंजा टेकवून. चार मनगटांची चौकट होते. लहानपणी आपण हातांची पालखी करायचो ना, तशी. ही चौकट पक्की बसते आणि पोरींना तीच आवडली होती. पण काचेच्या बांगड्यांवर पंजा टेकवून फिरायचं म्हणजे काय होणार? पहिल्याच वेढ्यात कच्चकन आवाज झाला. एकीच्या दोन बांगड्या वाढल्या. सणाच्या आदल्या दिवशी! ती पोरगी रडवेली, तिची आजी बडबडायला लागली. काकू म्हणाली, "उद्या जुन्या रीतीनं करा. हातात हात. बांगड्या मोकळ्या राहतील." पोरी हिरमुसल्या, पण ऐकलं.

आणखी एक नियम पोरींना अजिबात आवडत नव्हता. जोड्या वरखाली सरकत गेल्या की ओळीच्या टोकाला पोचलेल्या जोडीला समोर कुणी उरत नाही. चारच जोड्या असल्या तर एकाआड एक फेरीत दोन्ही टोकांच्या जोड्या रिकाम्या. त्यांनी तोंड फिरवून जागच्या जागी उभं राहायचं, आणि पुढच्या फेरीत पुन्हा आत. पोरींना वाटायचं, आपण आऊट झालो. भाची तर एकदा पाणी प्यायला निघूनच गेली. मी लेकीला विचारलं तर ती हसली. "आई, नव्या माणसांचं हेच होतं. त्यांना सांगावं लागतं, बाहेर नाही पडलात, फक्त वळून उभे राहा. पुढच्या फेरीला तुमच्याशिवाय चौघं होणार नाहीत."

मी हे पोरींना जसंच्या तसं सांगितलं. काकू ओट्यावर होती. तिनं ऐकलं असणार.

पंचमीच्या दुपारी वारूळ पुजून झालं, दिंडं झाली, झोके झाले. अंगणात गल्लीतल्या बायका जमल्या. फेर झाला, झिम्मा झाला, फुगड्या झाल्या. आणि चांदणीची वेळ आली तेव्हा पोरी सातच! आठवीच्या मामानं गाडी आणली होती आणि तिला आईबरोबर आजोळी नेलं होतं. माझी भाची जोडीदारणीशिवाय उभी. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझा गुडघा दोन वर्षांपासून संपावर आहे, हे तिला माहीत होतं. मग तिनं ओट्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आज्जी, तू ये की."

अंगण गप्प झालं, असं मी म्हणणार नाही. बायका बोलतच होत्या, कुणाचं लेकरू रडत होतं. पण काकूनं माझ्याकडे पाहिलं. आणि मला १९९६ चं दार आठवलं. या वेळी दारात मीच उभी होते, हातात दिंडांचं ताट घेऊन.

"ये ना काकू," मी म्हटलं. एवढंच. एकोणतीस वर्षांत जमलं नव्हतं ते वाक्य इतकं लहान होतं.

"अन् सांगायचं कुणी?" ती म्हणाली.

"आतूनच सांग. फेरात सांगायचीस ना?"

ती उठली. पदर खोचला. एक म्हातारी काहीतरी पुटपुटली, काय ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही. काकू भाचीशेजारी जाऊन उभी राहिली, त्रेसष्ट वर्षांची, वाटोळ्या चेहऱ्याची, उजवा पाय किंचित पुढे. तोच पाय, फेराचा. चौघींनी ठरल्याप्रमाणे जुन्या रीतीनं हात मधे घातले. तर काकू मागच्या पोरीला म्हणाली, "माझं मनगट धर गं. घट्ट धर. फुटायला काय हाय तिथं."

पोरी फिसकन हसल्या. त्यांना तो नुसता विनोद वाटला, आणि काकूच्या तोंडावरही हसू होतं. मी ताट खाली ठेवलं.

चांदणी बरी झाली. अगदी फार छान वगैरे नाही. दुसऱ्या फेरीत दोघी आपटल्या. शेवटच्या फेरीत ठोके चुकले, कारण ढोलकीवाला पोरगा पोरींकडेच बघत होता. पण काकूची हाक एकदाही उशिरा आली नाही, आणि टोकाला गेल्यावर ती आणि भाची वळून उभ्या राहिल्या, तेव्हा काकूनं तिचा दंड धरून ठेवला होता, पाणी प्यायला पळू नये म्हणून.

रात्री लेकीला व्हिडिओ पाठवला. तिचं उत्तर आलं, "तुमच्या कॉलर आज्जी आमच्याकडे पाठव." काकूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तिथं दिंडं कोण उकडीन?" मग जरा थांबून, "पुढच्या पंचमीला दिंडं सकाळीच उरकून घेऊ."

पुण्याला परतताना एसटीत मी वही उघडली. पानभर टिपणं, बाण, गोल, आठ पावलं, चौसष्ट ठोके. खाली जागा होती तिथं लिहिलं, हात सोडायच्या आधी नजर वळवावी. आणि त्याखाली, बाहेर राहिलेलीला हाक मारावी. हा नियम लेकीच्या नाचात नाही, तिथं ती आपोआप आत येते. आपल्याकडे मारावी लागते.

तुमच्याकडे चौफुला कसा खेळतात? मनगट धरता की हात? आणि तुमच्या घरी दिंडं कोण उकडतं? जमलं तर कळवा.